चार बोटं वारा

मालोजीबद्दल लिहायला बसलो की पहिलं वाक्य माझ्याबद्दलचंच येतं. दोनदा खोडलं. आता राहू देतो. त्या माणसाची गोष्ट सांगायची तर मी कसा वागलो ते टाळून सांगता येणार नाही, आणि टाळाटाळ मी आधीच पुष्कळ केली आहे.

मी निरंजन. चाकणच्या एका गिअरबॉक्सच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं क्वालिटीत काढली, शेवटची नऊ खात्याचा प्रमुख म्हणून. दुसऱ्याच्या कामातली खोट काढणं हा माझा धंदा. माल हातात घ्यायचा, व्हर्नियर लावायचा, आणि केसभर फरक निघाला तरी लाल स्टिकर चिकटवून बाजूला सारायचा. माझ्या माघारी मला 'लाल साहेब' म्हणत. हे मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडतही होतं. निवृत्त झालो तेव्हा स्टिकरची अर्धी गुंडाळी खिशात घालून घरी आणली. विजयश्री, म्हणजे माझी बायको, ती बघून म्हणाली, "आता हे कुणाला लावणार? मला?"

मालोजी त्याच कंपनीत पॅकिंगला होता. कंपनीचा माणूस नव्हे, ठेकेदाराचा. मूळचा अहमदपूरकडचा, लातूर जिल्ह्यातला. परदेशी जाणाऱ्या गिअरबॉक्सच्या लाकडी पेट्या ठोकण्यात त्याची वीस वर्षं गेली. बुटका, रुंद खांद्यांचा, डाव्या हाताचा अंगठा कधीतरी हातोडीखाली सापडून चपटा झालेला. वाकडा खिळा त्यानं कधी फेकला नाही. जेवणाच्या सुट्टीत एका लोखंडी तुकड्यावर ठेवून टकटक करत सरळ करायचा आणि डब्यात टाकायचा. त्या वीस वर्षांत त्याच्या पेटीबद्दल बाहेरून एकही तक्रार आली नाही. रेकॉर्ड माझ्याच कपाटात होतं, त्यामुळे मला नक्की माहीत होतं. पण हे मी त्याला कधी सांगितलं नाही. क्वालिटीच्या माणसानं कौतुक करायचं नसतं, अशी माझी समजूत होती.

मग कंपनीनं घडीच्या प्लॅस्टिकच्या पेट्या आणल्या आणि एका शुक्रवारी पॅकिंगची अकरा माणसं मोकळी झाली. मालोजीनं जुनी स्कूटर घेतली, मागे हत्यारांची पेटी बांधली, आणि निगडी प्राधिकरणात दारं-खिडक्या दुरुस्त करत फिरू लागला. आम्ही राहतो त्या या बंगल्यांच्या भागात काम तोंडातोंडी मिळतं. एकानं चांगलं म्हटलं की चार दारं उघडतात, एकानं नाक मुरडलं की तीच चार बंद होतात. मालोजीपाशी नावाशिवाय दुसरं भांडवल नव्हतं, आणि ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

आता कोंबड्यांचं. विजयश्री ओतूरला मैत्रिणीच्या शेतावर गेली होती, तिथून मार्चमध्ये एका खोक्यात सहा कोंबड्या घेऊन आली. पाच माद्या आणि एक कोंबडा. बँटम जातीच्या, कबुतरापेक्षा थोड्या मोठ्या, पायांवरसुद्धा पिसं. शाळेतली नोकरी संपल्यापासून ती घरात नुसती फिरत असायची. या सहा जणी आल्या आणि ती पुन्हा सकाळी सहाला उठून कुणावर तरी ओरडायला लागली. मला बरं वाटलं. मागच्या अंगणात डालग्याखाली त्यांचा संसार सुरू झाला.

कोंबडा मुठीएवढा, पण आवाज असा की पहाटे चारला अख्खी गल्ली जागी. शेजारच्या सुमनताई आठ दिवस सहन करून नवव्या दिवशी भिंतीवरून म्हणाल्या, "निरंजनराव, तुमचा कोंबडा आमच्या उशीखाली ओरडतो हो!" हसून म्हणाल्या, पण म्हणाल्या. तेव्हा ठरलं, खुराडं करायचं, आणि आवाज बाहेर जाणार नाही असं करायचं.

खुराड्याचं ड्रॉइंग कुणी काढतं का? मी काढलं. समोरून, बाजूनं, वरून. कोपऱ्यात चौकट करून नाव, तारीख, रिव्हिजन नंबर. अधिक-उणे दोन मिलिमीटरची सूटही लिहिली. कल्पना कंपनीतली. जनरेटरला बाहेरून पेटी घालतात, आतून फोम लावतात, मग शेजारी उभं राहून बोलता येतं. कोंबड्याला तेच करायचं. मला माझी हुशारी इतकी आवडली की ड्रॉइंग मी जेवणाच्या टेबलावर दोन दिवस पसरून ठेवलं होतं.

मालोजीला फोन केला. तो आला, ड्रॉइंग दोन्ही हातांनी धरून उभ्यानं पाहिलं, आणि एकच प्रश्न विचारला.

"कोंबड्या कुठं हायत?"

मागे नेलं. तो अंगणात उकिडवा बसला आणि अर्धा तास नुसता त्यांच्याकडे बघत राहिला. कोण कुठं बसते, कोण कुणाला टोचते, कोंबडा किती उंच उडी मारतो. मी दोनदा घड्याळ पाहिलं. विजयश्री मात्र स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन आली आणि त्याच्या शेजारी बसून प्रत्येकीचा स्वभाव सांगायला लागली. तो मान डोलवत ऐकत होता. मध्येच म्हणाला, "ताई, ही पांढरी डरपोक हाय. हिला दाराजवळची जागा लागंल." विजयश्रीनं माझ्याकडे असं पाहिलं की बघा, कळतं माणसाला.

कुदळवाडीच्या भंगार बाजारातून त्यानं पाइनवूडच्या फळ्या आणल्या, जुन्या पेट्यांच्याच. वास घेऊन घेऊन निवडल्या म्हणाला, केमिकल लागलेली एक नको. चार दिवस काम चाललं. खाली पाय उंच केले, मांजर-घूस लागू नये म्हणून. बसायची दांडी पॉलिश पेपरनं घासून गोल केली, कारण "पायाला धार लागली की कोंबडी रातभर उभीच ऱ्हातीय." दुपारी अंगणातल्या जांभळाखाली डबा सोडायचा. भाकरी, ठेचा, कधी पिठलं. घासातला एक तुकडा कोंबड्यांकडे जायचाच. फळीशी बोलायची त्याला सवय होती. "सरळ हो गं बाई," असं पुटपुटत रंधा मारायचा. मी खिडकीतून बघत होतो आणि मनात कुठं चूक सापडते का ते शोधत होतो. सापडेना, म्हणून चिडचिड होत होती. होय, असा माणूस आहे मी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मारुतराव आले. आमच्या कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष. जुन्या गावातलं घराणं, आमचे बंगले उभे आहेत तिथं त्यांच्या आजोबांची ज्वारी असायची. कॉलनीत ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र बांधून झालं होतं, आत बाकं, पुस्तकांची कपाटं, कॅरमची टेबलं, मधली लाकडी भिंत, सगळं व्हायचं होतं. चार-सहा महिन्यांचं काम. मारुतरावांनी खुराड्याभोवती फेरी मारली, कोपऱ्यातल्या सांध्यावरून बोट फिरवलं.

"काम झ्याक हाय राव," ते म्हणाले. "क्येंद्राचं करशील का रं?"

मालोजीचा हात तिथल्या तिथं थांबला. "करीन की, दादा."

"मग ठरलं असं समज. निरंजनराव, तुमी कमिटीत हाय. तुमच्या हाताखालचा मानूस. तुमी बराय म्हनलं की काम त्याचं."

मी म्हणालो, "बघू, हे पुरं होऊ दे." मारुतराव गेल्यावर मालोजीनं लगेच बायकोला फोन लावला. जांभळाच्या मागे जाऊन बोलत होता, पण आवाज हळू ठेवणं त्याला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तपासणीला गेलो. टेप घेऊन, चष्मा पुसून. सगळं बरोबर होतं. फक्त छपराच्या खाली, पुढून आणि मागून, त्यानं चार-चार बोटांची पट्टी मोकळी ठेवली होती आणि तिला आतून बारीक जाळी मारली होती. मला मनातून आनंद झाला. आता ते लिहितानाही कसंतरी होतं, पण झाला.

"हे काय?"

"वाऱ्याला जागा ठेवलीय साहेब."

"ड्रॉइंगमध्ये आहे?"

"नाई."

"मग?"

"बंद पेटीला घाम येतोय साहेब. गिअरबॉक्सच्या पेटीला बी आपण भोकं ठेवत होतो का नाई? ते तर लोखंड. हे जितं हाय."

"आणि आवाज? तोच तर बंद करायचाय."

"कोंबडा हाय, ओरडंल की," तो म्हणाला आणि हसला. मीही हसावं अशी त्याची अपेक्षा होती. मी आत गेलो, कपाटातून ती गुंडाळी काढली आणि त्याच्या त्या सुबक जाळीवर लाल स्टिकर चिकटवला. विजयश्री म्हणाली, "अहो, काय हे!" मी म्हणालो, गंमत. गंमत नव्हती.

त्यानं जाळी काढली, फळी कापली, बसवून पाहिली. ठोकायच्या आधी हातोडी हातात धरून माझ्याकडे आला.

"साहेब, एकदा सांगू का? पुढचं लावतो. निदान मागच्या बाजूचं ऱ्हाऊ द्या."

मी वर्तमानपत्र खाली केलं. "मालोजी, मारुतराव मला विचारणार आहेत."

एवढंच बोललो. पुढचं त्यानं ओळखलं. मागे गेला आणि दोन्ही फळ्या ठोकल्या. मी वर्तमानपत्र वाचत होतो आणि प्रत्येक खिळ्याचा आवाज मला समाधान देत होता. मग आतून फोम लावून घेतला, दाराला रबराची पट्टी मारून घेतली. खालच्या कोपऱ्यात ती पट्टी थोडी कमी पडली, तेवढी एक फट राहिली. ती मला दिसली नाही, नाहीतर तीही बुजवली असती.

जनरेटरच्या पेटीला हवेची मोठी जाळी असते. आत पंखा असतो. हे मला पुरतं माहीत होतं. अठ्ठावीस वर्षं रोज तिच्यासमोरून जात होतो.

पंधरा दिवस माझी चैन होती. पहाटेचा आवाज दबला. सुमनताईंनी कोथिंबीरवड्या पाठवल्या. विजयश्री दोन-तीनदा म्हणाली, "आतून ओलं असतं हो सकाळी. चोची उघड्या टाकून बाहेर येतात." मी सांगितलं, पाणी सांडत असतील. मारुतरावांना म्हणालो, माणूस ठीक आहे, फक्त सांगावं लागतं. त्यांनी मालोजीला केंद्राचं माप घ्यायला बोलावलं.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी आमच्या भाचीचा साखरपुडा होता, देहूरोडला. मांजराची भीती म्हणून निघताना अकराला कोंबड्या आत घातल्या आणि दार लावलं. ऊन असं की गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. परत आलो तेव्हा साडेपाच वाजले होते.

दार मी उघडलं. आतली वाफ तोंडावर आली. कोंबडा दांडीखाली पडला होता, माद्या एकमेकींवर. पांढरी मात्र दाराच्या खालच्या कोपऱ्यात, त्या फटीला चोच लावून बसली होती. ती जिवंत होती. विजयश्री मातीत तशीच बसली, साखरपुड्याची साडी नेसून, आणि एकेकीला बाहेर काढून पदरावर ठेवायला लागली. रडली नाही. मला वाटतं, रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

सुमनताईंनी भिंतीवरून पाहिलं आणि धावत आल्या. रस्त्यानं चाललेले मारुतराव गलबला ऐकून आत आले. "आरारा! ह्ये कसं झालं वो?"

आणि मी म्हणालो, "वाऱ्याला जागाच ठेवली नाही हो मालोजीनं."

विचार करून नाही बोललो. पण अडखळलोही नाही. वाक्य जिभेवर तयार होतं. विजयश्रीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी नजर दुसरीकडे वळवली आणि वर आणखी म्हणालो, "आजकाल कारागीर असेच."

तासाभरात कॉलनीच्या ग्रुपवर सुमनताईंचा निरोप आला. 'निरंजन सरांच्या पाच कोंबड्या चुकीच्या खुराड्यामुळे गुदमरून गेल्या. मालोजी नावाच्या माणसाला कृपया कुणी काम देऊ नये.' खाली अंगठे उमटत गेले. सतरा झाले. त्यातला एक माझा होता. न लावला असता तर लोकांना वाटलं असतं की काहीतरी वेगळं आहे, म्हणून लावला.

तीन घरांनी मालोजीला कळवलं, येऊ नकोस. केंद्राच्या कामासाठी मारुतरावांनी भोसरीच्या एका ठेकेदाराला बोलावलं. मालोजीचा मला फोन आला नाही. मी वाट बघत होतो. त्यानं येऊन भांडावं, चार शब्द सुनवावेत, म्हणजे मलाही आवाज चढवता येईल, अशी माझी तयारी होती.

त्या रविवारनंतरच्या सकाळी विजयश्री चहाचा कप पुढे ठेवून म्हणाली, "तो दोनदा म्हणाला होता. मी स्वयंपाकघरात होते. दोन्ही वेळा ऐकलं."

"सांगतो मी."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

आठ दिवस गेले. ती रोज विचारायची नाही, पण पांढरीला स्वयंपाकघरात टोपलीत ठेवायची आणि टोपली मुद्दाम माझ्या खुर्चीजवळ असायची. शेवटी नवव्या दिवशी पत्ता विचारत विचारत तळवड्याला गेलो. निघताना मनाशी ठरवलं होतं, सरळ सांगायचं. चूक माझी, ग्रुपवर लिहितो, मारुतरावांना भेटतो. रस्ताभर वाक्यं जुळवली.

एका चाळवजा इमारतीत खाली दोन खोल्या. मालोजीची बायको शालनबाई कंपनीतल्या पोरांचे डबे करते, सगळं घर फोडणीच्या वासानं भरलेलं. मालोजी मला बघून ताडकन उठला. खुर्ची पुसली. स्वतः उभाच राहिला. हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवलेली होती.

"साहेब, तुम्ही कशाला आलात? मीच येणार होतो," तो म्हणाला. "पण तोंड दाखवायची हिंमत झाली नाई."

मी तोंड उघडलं, पण तो थांबेना.

"ताईंच्या कोंबड्या गेल्या. ते आईकल्यापासनं मला झोप नाई. मला कळत होतं साहेब. वारा पायजे हे कळत होतं. कळत असून मी खिळा मारला. माझ्या हातानं मारला. क्येंद्राचं काम जाईल म्हणून मारला. लोभ झाला मला. दुसरा कुणी असता तर हातोडी ठिवून निघून गेला असता." त्यानं दोन्ही हात जोडले. "चूक माझी हाय. माफ करा."

शालनबाई दारात उभी होती. तिनंही हात जोडले. "घरी स्वतः चालून आलात साहेब. एवढं कोण करतंय? यांना समजावा जरा. हत्यार हातात घेईनात. चाकणला गोडाऊनमध्ये माल चढवायला जायचं म्हनतेत. या वयात जमंल का पाठीला?"

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहितो, कारण तेच सगळ्यात वाईट आहे. मला हायसं वाटलं. हा माणूस स्वतःच कबूल करतोय, मग मी काय बोलायचं राहिलं, असं डोक्यात आलं. जुळवलेली सगळी वाक्यं गिळली. शालनबाईनं चहा दिला, तो घेतला. उठताना मालोजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं म्हणालो, "जाऊ दे मालोजी. होतं असं कधीकधी. मी मनात ठेवलेलं नाही."

तो रस्त्यापर्यंत सोडायला आला. गाडीत बसल्यावर काच वर केली, तरी हात जोडून उभाच होता. भक्ती-शक्तीच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा माझी मलाच अशी लाज वाटली की हिरवा लागलेला कळला नाही आणि मागच्या रिक्षावाल्यानं शिव्या घातल्या. त्या मला पुरेशा वाटल्या नाहीत.

घरी विजयश्रीनं विचारलं, "सांगितलंत?"

"तो म्हणतो चूक त्याचीच आहे."

तिनं टोपली उचलली आणि आत गेली.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक होती. भोसरीच्या ठेकेदाराला काम द्यायचा ठराव. मारुतरावांनी कागद फिरवला, कमिटीच्या सह्या घ्यायला. माझ्यापर्यंत आला तेव्हा वाचला, सही करण्याआधी वाचायची सवय. त्यात लिहिलं होतं, 'आधी सुचवलेल्या कारागिराच्या कामात गंभीर दोष असल्याचे श्री. निरंजन यांच्या तपासणीत आढळल्याने...'

माझ्या तपासणीत. पेन हातात धरून मी बसलो. माणूस म्हणून मी कसा आहे ते एव्हाना तुम्हाला कळलं असेल. पण नोकरीत एवढं एक मी पाळलं होतं. कितीही दबाव आला, मोठमोठ्या गाडी-कंपन्यांच्या ऑर्डरी अडकल्या, तरी खोट्या रिपोर्टवर सही केली नव्हती. मालोजीच्या दारात जे जमलं नाही, ते त्या एका ओळीमुळे झालं. म्हणजे त्यातही मला मालोजीची दया आली असं नाही. माझं स्वतःचं नाव खोट्या कागदावर दिसलं, ते सहन झालं नाही.

उभा राहिलो आणि सांगितलं. ड्रॉइंग माझं होतं. वाऱ्याची जागा त्यानं ठेवली होती. मी बुजवायला लावली. तो दोनदा नको म्हणाला. केंद्राच्या कामाची भीती मी त्याला घातली. कोंबड्या माझ्यामुळे मेल्या आणि नाव मी त्याचं घेतलं.

सुमनताई पर्सची चेन उघडून पुन्हा लावत होत्या. मारुतरावांनी चष्मा काढला.

"इतके दिस का न्हाई बोललात, निरंजनराव?"

त्यांनीच मग तो कागद ओढून घेतला, आडवा फाडला आणि तिथंच मालोजीला फोन लावला. मारुतरावांचं बोलणं म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाणारं. मी बोललो होतो तेवढं सगळं त्यांनी त्याला सांगितलं, एक शब्द न वगळता. मी मान खाली घालून माझ्याबद्दल ऐकत होतो. ग्रुपवर सुमनताईंनी संध्याकाळी दुसरा निरोप टाकला. त्याला अंगठे कमी आले.

मालोजीनं काम घेतलं. बुधवारी सकाळी केंद्राकडून रंध्याचा आवाज आला. मी चप्पल घातली आणि गेलो. आत सगळीकडे भुसा, खिडक्या सताड उघड्या. मालोजी दोन लाकडी घोड्यांवर लांब फळी टाकून पेन्सिलनं रेघ मारत होता. मला बघून त्यानं रेघ पुरी केली, मगच मान वर केली.

"नमस्कार साहेब."

"मालोजी, माझं चुकलं."

"खुराड्याचं सोडा. ड्रॉइंग चुकतंय माणसाचं. माझ्या बी पेट्या चुकल्यात." त्यानं पेन्सिल कानावर खोचली. आवाज चढलेला नव्हता. "लोकांत माझं नाव घेतलंत, त्ये बी समजू शकतो. माणूस घाबरतंय. पण तुम्ही माझ्या घरी आलात. मी बायकोसमोर हात जोडून तुमची माफी मागितली. तवा तुम्हाला म्हाईत होतं ना?"

"हो."

"आन तुम्ही मला माफ करून गेलात."

त्यानं करवत उचलली आणि माझ्या पायाकडे पाहिलं.

"जरा सरका साहेब. फळी कापायचीय."

मी सरकलो.